शिकागोच्या तिकिटाचे पैसे

निधी संकलनाच्या दिवसांत पावतीपुस्तक घेऊन तुम्ही कधी दारोदार फिरला असाल, तर एक क्षण तुमच्या चांगल्या ओळखीचा असेल. बेल वाजवून झालेली असते, आतून पावलांचा आवाज येत असतो आणि दार उघडेपर्यंत मनात येऊन जाते की चला, परत फिरावे. स्वतःसाठी काही मागायचे नसते, तरीही हात पुढे करणे जड जाते.

ज्यांचे नाव घेऊन आपण त्या दाराशी उभे असतो, त्या स्वामी विवेकानंदांनाही मागणे सोपे गेले नव्हते. शिकागोच्या व्यासपीठावर ते काय बोलले, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण तिथपर्यंत पोहोचायला लागलेले पैसे कुठून आले, ते कोणी जमवले, कोणाचे घेतले नाहीत आणि परक्या देशात ते संपू लागल्यावर काय झाले, हा भाग चरित्रात असूनही आपण तो भराभर वाचून पुढे जातो. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे, कदाचित म्हणूनच माझी नजर तिथे अडते. आज तोच भाग तुमच्यासमोर ठेवतो आहे.

सुरुवात आमच्या रायपूरपासून करू या. १८७७ साली नरेंद्र चौदा वर्षांचा होता. त्याचे वडील विश्वनाथ दत्त कोलकात्यात वकिली करत आणि कामानिमित्त त्यांना रायपूरला बरेच दिवस राहावे लागणार होते. म्हणून सारे कुटुंबच इकडे आले. त्या वेळी रायपूरपर्यंत आगगाडी नव्हती. शेवटचा कितीतरी दिवसांचा प्रवास बैलगाडीतून, घनदाट जंगलातून झाला. वाटेत डोंगराच्या कपारीत लटकलेले एक प्रचंड मोठे मधाचे पोळे पाहताना सृष्टीच्या कर्त्याच्या विचाराने नरेंद्राचे भान हरपले, ही हकीकत तुम्ही वाचली असेलच. रायपुरात दत्त कुटुंब बूढापारा भागात राहिले. तिथले डे भवन त्यांचे निवासस्थान म्हणून आजही दाखवले जाते. जवळच्या बूढा तलावाला आता विवेकानंद सरोवर म्हणतात आणि आमच्या विमानतळालाही स्वामीजींचेच नाव आहे. त्यामुळे रायपूरच्या माणसाला विवेकानंद म्हणजे थोडे आपल्याच गल्लीतले वाटतात, याबद्दल तुम्ही आम्हाला समजून घ्या.

रायपुरात त्या वेळी नरेंद्राला साजेशी शाळा नव्हती. वडीलच त्याचे शिक्षक झाले. घरी विद्वान मंडळी यायची, चर्चा रंगायच्या आणि मुलाला त्यांत बोलण्याची मुभा असे. वडिलांकडून तो स्वयंपाकही शिकला. आणखी एक गोष्ट तो त्यांच्याकडून पाहत होता, ती म्हणजे पैसा हातात न टिकणे. विश्वनाथबाबू भरपूर मिळवत आणि त्याहून सढळ हाताने देत. दूरचे नातेवाईक त्यांच्या घरी वर्षानुवर्षे राहून शिकत. काही जण तर त्यांच्या पैशांवर व्यसने करत. याबद्दल नरेंद्राने पुढे एकदा वडिलांना विचारलेही होते. संसारात माणसाला किती दुःख असते ते मोठा झालास की कळेल, अशा अर्थाचे उत्तर त्याला मिळाले.

ते कळायला फार वर्षे लागली नाहीत. १८७९ मध्ये कुटुंब कोलकात्याला परतले आणि १८८४ च्या फेब्रुवारीत विश्वनाथबाबू अचानक गेले. मागे कर्ज निघाले. आप्तांनी घराच्या मालकीवरून दावे लावले. बी.ए. झालेला नरेंद्र अनवाणी, उपाशीपोटी कचेऱ्यांच्या पायऱ्या चढत होता आणि नोकरी मिळत नव्हती. घरात जेवण सर्वांना पुरणार नाही असे दिसले की बाहेर आमंत्रण आहे असे आईला सांगून तो निघून जाई.

याच काळात दक्षिणेश्वरी घडलेला प्रसंग तुम्हाला ठाऊक आहे, पण आपल्या विषयासाठी तो पुन्हा आठवायला हवा. नरेंद्राने श्रीरामकृष्णांना विनवले की माझ्या आईभावंडांच्या अन्नवस्त्रासाठी तुम्ही कालीमातेकडे मागणे करा. ठाकुरांनी त्यालाच मंदिरात पाठवले. तो तीन वेळा आत गेला आणि तिन्ही वेळा विवेक, वैराग्य, ज्ञान आणि भक्ती मागून बाहेर आला. पैशांची गोष्ट ओठांवर येईना. शेवटी कुटुंबाला साध्या अन्नवस्त्राची कमी पडणार नाही, एवढे आश्वासन ठाकुरांनीच दिले. घरी चूल पेटण्याची भ्रांत असलेल्या थोरल्या मुलाची ती अवस्था होती. मागण्याचे कारण अगदी खरे होते, तरी त्याला मागता आले नाही, हे लक्षात ठेवा. पुढच्या नऊ वर्षांनंतर याच माणसासाठी मद्रासमध्ये वर्गणी जमा व्हायची होती.

ठाकुरांच्या महासमाधीनंतर नरेंद्र संन्यासी झाला, बराहनगरच्या पडक्या घरात गुरुबंधूंसोबत राहिला आणि १८९० मध्ये दीर्घ परिभ्रमणासाठी निघाला. उत्तरेकडून राजपुताना, तिथून गुजरात. १८९१ मध्ये अबूच्या पहाडावर खेतडीचे राजे अजितसिंह भेटले आणि आयुष्यभराचे स्नेही झाले. पोरबंदरला शंकर पांडुरंग पंडितांची गाठ पडली. हे पंडित मराठी. तुकारामांच्या गाथेचे एक संपादक आणि वेदांचे मोठे अभ्यासक. त्या संस्थानाचा कारभार त्या वेळी त्यांच्याकडे होता. तुमचे विचार पाश्चात्त्यांना आधी समजतील, तिकडे जा, असे त्यांनी स्वामीजींना सुचवले आणि फ्रेंच भाषा शिकण्याचाही सल्ला दिला.

शिकागोला सर्वधर्मपरिषद भरणार असल्याची बातमी हळूहळू सर्वत्र पसरत होती. १८९२ मध्ये खांडव्याला हरिदास चॅटर्जी या वकिलांच्या घरी असताना, प्रवासखर्चाची कोणी सोय केली तर मी जाईन, असे स्वामीजी बोलून गेले. म्हणजे मनात इच्छा होती आणि अडचण कोणती आहे हेही त्यांना नीट ठाऊक होते.

त्यानंतर ते आपल्या महाराष्ट्रात आले. मुंबईहून पुण्याला जाणाऱ्या गाडीत लोकमान्य टिळकांची भेट झाली आणि आठ-दहा दिवस ते टिळकांच्या घरी राहिले. नाव विचारले तर फक्त संन्यासी म्हणून सांगत. त्यांच्याजवळ पैसे मुळीच नव्हते, याची नोंद टिळकांनी आपल्या आठवणींत केली आहे. पुढे कोल्हापूर आणि मग बेळगाव. बेळगावात आधी भाटे वकिलांकडे आणि नंतर हरिपद मित्र या वनाधिकाऱ्यांकडे मुक्काम झाला. शिकागोचा विषय निघताच हरिपदबाबू उत्साहाने म्हणाले की मी लगेच गावात वर्गणी जमवतो. स्वामीजींनी नकार दिला. का दिला, ते हरिपदबाबूंनाही उमगले नाही.

आणि हा एकच नकार नाही. म्हैसूरला महाराज चामराजेंद्र वडियार यांनी पाश्चात्त्य देशांच्या प्रवासाचा खर्च देऊ केला. रामेश्वरच्या यात्रेचा संकल्प पूर्ण व्हायचा आहे, असे सांगून स्वामीजींनी तो त्या वेळी घेतला नाही. दिवाण शेषाद्री अय्यर नोटांचे पुडके हातात ठेवू लागले, तेव्हा पुढच्या टप्प्याचे रेल्वेचे तिकीट तेवढे मागून घेतले. मदुराईला रामनदचे राजे भास्कर सेतुपती यांनी परिषदेला जाच म्हणून आग्रह धरला, मदतीची तयारी दाखवली. १८९३ च्या फेब्रुवारीत हैदराबादला नवाब खुर्शीद जाह यांनी तिथल्या तिथे १,००० रुपये देऊ केले. बेगम बाजारच्या सावकारांनी वाटखर्चाचे वचन दिले. वेळ आली की सांगेन, एवढेच उत्तर त्यांना मिळाले.

तुम्ही कधी एखाद्या उपक्रमाचे अंदाजपत्रक केले असेल तर तुम्हाला याचा अचंबा वाटेल. एका माणसाच्या जाण्याच्या खर्चासाठी एक संस्थानिक पुरेसा असतो. इथे तर रांग लागली होती. मग घोडे अडले कुठे?

याचे उत्तर कन्याकुमारीला सापडते, असे मला वाटते. डिसेंबर १८९२ च्या अखेरीस त्या शिलेवर बसून स्वामीजींनी काय ठरवले, ते त्यांनी पुढे अमेरिकेतून गुरुबंधूंना लिहिलेल्या पत्रात सविस्तर सांगितले आहे. देशातले लाखो लोक उपाशी आणि निरक्षर, आणि आम्ही संन्यासी त्यांना तत्त्वज्ञान सांगत फिरतो. त्याऐवजी निःस्वार्थ संन्याशांनी गावोगाव जाऊन तोंडी, नकाशे आणि गोलाच्या मदतीने लोकांना शिकवले तर? त्याला माणसे हवीत आणि पैसा हवा. माणसे गुरुकृपेने मिळतील, पण या कामाला देशातल्या श्रीमंतांकडून पैसा मिळेल असे त्यांना भटकंतीत कुठे दिसले नव्हते. म्हणून समुद्र ओलांडायचा, तिथल्या लोकांना आपल्याकडचे अध्यात्म द्यायचे आणि आपल्या मेहनतीने पैसे मिळवून परत यायचे. थोडक्यात, शिकवायला जायचे आणि शिकवणेच घडवून आणायचे. मग ज्यांच्यासाठी जायचे, त्यांचा या प्रवासात वाटा नको का? एखाद्या राजाच्या थैलीवर गेलेला संन्यासी त्या राजाचा दूत झाला असता.

मद्रासमध्ये ते मन्मथनाथ भट्टाचार्य यांच्या घरी उतरले. हे गृहस्थ सरकारी हिशेब खात्यातले मोठे अधिकारी होते. ज्याच्या खिशात एक आणाही नाही अशा पाहुण्याचा यजमान हिशेबनीस असावा, याची मला गंमत वाटते. या घरी मद्रासचे तरुण जमू लागले. त्यांचा म्होरक्या होता अळसिंगा पेरुमाळ, वय अठ्ठावीसच्या आत, शाळामास्तर, पगार बेताचा, घरात माणसे बरीच. स्वामीजींना शिकागोला पाठवायचेच, हे या तरुणांनी मनाशी पक्के केले आणि पैसे जमवायला सुरुवातही केली.

आता जे घडले ते नीट वाचा. काही रक्कम जमून हातात आली, तेव्हा स्वामीजी अस्वस्थ झाले. हे जगन्मातेच्या इच्छेने होते आहे की माझ्या उत्साहाने, हा प्रश्न त्यांना सोडेना. हे पाऊल अंधारात टाकायचे होते. त्यांनी तरुणांना बोलावले आणि जमलेले पैसे गरिबांना वाटून टाकायला सांगितले. आईची इच्छा असेल तर पैसे पुन्हा येतील.

त्या तरुणांच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. शाळा सुटल्यावर, कचेरी सुटल्यावर उन्हातान्हात पायपीट करून, नाही-नाही ते ऐकून जमवलेली एकेक रक्कम. परिषद सप्टेंबरात, महिने जात आहेत. आणि ज्याच्यासाठी जमवले तोच म्हणतो, वाटून टाका. त्यांनी वाटून टाकले. चरित्रांत हे एका वाक्यात येते. मला विचाराल तर संपूर्ण कथेतला सर्वांत अवघड क्षण हाच आहे, आणि तो स्वामीजींपेक्षाही त्या मुलांचा आहे.

मार्च-एप्रिलमध्ये तरुण पुन्हा बाहेर पडले. दरम्यान स्वामीजींना अर्धवट जागेपणी एक दर्शन झाले होते. ठाकूर किनाऱ्यावरून समुद्राच्या पाण्यावर चालत जात आहेत आणि मागे येण्याची खूण करत आहेत. त्यांनी शारदामातेला पत्र लिहून अनुमती मागितली आणि तिचा आशीर्वाद आला. या खेपेस त्यांनी तरुणांना एक सूचना दिली होती. मध्यमवर्गाकडे जा, सामान्य लोकांकडे मागा, कारण मी जाणार आहे तो लोकांसाठी आणि गरिबांसाठी. अळसिंगा शब्दशः दारोदार फिरला. वकील, शिक्षक, कारकून, लहान व्यापारी अशा लोकांनी जमेल तसे दिले. मोठ्या रकमा आल्याच नाहीत असे नाही. म्हैसूरच्या महाराजांची मदत घेतली गेली, न्यायमूर्ती सुब्रह्मण्य अय्यरांसारख्या प्रतिष्ठितांनीही हातभार लावला. पण मोहीम ज्यांच्या पायांवर उभी राहिली, ती मंडळी पगारावर जगणारी होती.

इथे तुम्हाला एकनाथजींची आठवण आल्याशिवाय राहणार नाही. अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या आणि महाकोशलात म्हणजे आमच्या या भागात उमेदीची वर्षे घालवलेल्या एकनाथजी रानडे यांनी शिलास्मारकासाठी सरकारांकडून आणि धनिकांकडून मदत घेतली, तसा सामान्य माणसाचा एक-एक रुपयाही गोळा केला. २ सप्टेंबर १९७० ला स्मारकाचे उद्घाटन झाले, तेव्हा देशभरातल्या लाखो घरांचा रुपया त्या दगडांत होता. ही रीत त्यांनी कुठून घेतली असेल, ते तुमचे तुम्हीच ठरवा.

 खेतडीच्या राजांना पुत्र झाला होता आणि त्या आनंदसोहळ्यासाठी त्यांनी मुन्शी जगमोहनलाल यांना मद्रासला धाडून स्वामीजींना बोलावून घेतले. राजांनी उरलेली सगळी तयारी केली. रेशमी झगा, फेटा, आणि दुसऱ्या वर्गाच्या तिकिटाऐवजी पहिल्या वर्गाचे तिकीट. आणखी एक गोष्ट राजांनी केली, तिच्याबद्दल आपण कमी बोलतो. स्वामीजींच्या आईला, भुवनेश्वरीदेवींना, ते दरमहा १०० रुपये पाठवत असत. काली मंदिरात जे मागता आले नव्हते, ते ओझे संन्यासी झाल्यावरही त्यांच्या मनावर होतेच. पुढे १८९८ मध्ये, प्रकृती ढासळू लागल्यावर, ही रक्कम आई असेपर्यंत चालू राहावी अशी विनंती त्यांनी राजांना पत्राने केली. स्वतःसाठी न मागणाऱ्या माणसाने आईसाठी मात्र मागितले.

३१ मे १८९३ ला मुंबईहून ‘पेनिन्सुलर’ बोट सुटली. कोलंबो, सिंगापूर, हाँगकाँग, जपान असा प्रवास करत स्वामीजी २५ जुलैला व्हँकुव्हरला उतरले आणि तिथून रेल्वेने शिकागोला गेले.

आणि तिथे हिशेब कोसळला. परिषद ११ सप्टेंबरला सुरू व्हायची होती, म्हणजे अजून सहा आठवडे. प्रतिनिधी म्हणून नाव नोंदवण्याची मुदत संपली होती आणि कोणत्याही मान्य संस्थेचे ओळखपत्र हवे होते. ते मद्रासच्या एकाही उत्साही तरुणाच्या डोक्यात आले नव्हते. जत्रेच्या निमित्ताने शिकागो महाग झालेले. जो तो या भगव्या वस्त्रांतल्या परदेशी माणसाला फसवू पाहत होता. खर्च कमी व्हावा म्हणून ते बोस्टनकडे गेले. गाडीत केट सॅनबोर्न नावाच्या एका वयस्क लेखिकेची ओळख झाली होती, त्यांनी आपल्या शेतावरच्या घरी राहायला बोलावले.

तिथून २० ऑगस्टला त्यांनी अळसिंगाला लिहिलेले पत्र कोणत्याही खजिनदाराने वाचावे असे आहे. तुम्ही मला नोटांमध्ये १७० पौंड आणि रोख ९ पौंड दिले होते, ते आता १३० वर आले आहेत. दररोजचा खर्च सरासरी १ पौंड. साधी एक चिरूट आपल्या ८ आण्यांना पडते. या सगळ्या गोष्टी ते एखाद्या कारकुनासारख्या मांडतात. अध्यात्माचा एवढा मोठा अधिकारी, पण ज्यांनी पैसे जमवले त्यांना किती आले, किती गेले, किती उरले हे कळवण्यात त्यांना काही कमीपणा वाटत नाही. चिरुटीची किंमतही लपवलेली नाही! थंडी येणार होती आणि गरम कपडे करणे भाग होते. रस्त्यात लोक त्यांच्या पोशाखाकडे पाहून हुर्यो करत. निदान सहा महिने मला इथे टिकवू शकलात तर सगळे ठीक होईल, आणि नाहीच जमले तर परतीच्या पैशांची सोय करा, असे ते लिहितात. त्याच पत्रात भारतातल्या दीनदुबळ्यांसाठी आयुष्य वेचण्याचे त्या तरुणांना केलेले आवाहन आहे. एकाच कागदावर चिरुटीचा भाव आणि कोट्यवधींचे दुःख.

तुम्ही सोपे गणित करून पाहा. १३० पौंड, रोजचा १ पौंड, म्हणजे डिसेंबर संपेपर्यंत जेमतेम. गरम कपडे धरले तर तेवढेही नाही.

मद्रासकरांनी हे पत्र वाचून काय केले असेल? ते पुन्हा दारोदार निघाले आणि पैसे पाठवले. इकडे तोवर चक्र फिरले होते. हार्वर्डचे ग्रीक भाषेचे प्राध्यापक जॉन हेन्री राइट यांच्याशी स्वामीजींची भेट झाली. त्यांनी परिषदेच्या संयोजकांना ओळखीचे पत्र लिहिले आणि शिकागोचे तिकीटही काढून दिले. शिकागोला पोहोचल्यावर हाती असलेला पत्ता हरवला, रात्र मालधक्क्यावरच्या एका रिकाम्या डब्यात काढावी लागली. सकाळी भूक लागली म्हणून संन्याशाच्या सवयीने ते दारोदार भिक्षा मागत निघाले आणि नोकरांनी हाकलून दिले. थकून रस्त्याच्या कडेला बसले असता समोरच्या घरातून श्रीमती हेल बाहेर आल्या आणि आपणहून विचारपूस करून त्यांना आत घेऊन गेल्या. पुढची कथा तुम्हाला पाठ आहे.

१७ दिवस परिषद चालली. तिच्यातले २० सप्टेंबरचे छोटे भाषण आपण फार क्वचित आठवतो. भारताला धर्माची वाण नाही, भाकरीची आहे, आणि इथे मी माझ्या दरिद्री बांधवांसाठी साहाय्य मागायला आलो, असे त्यांनी तिथल्या धर्मगुरूंसमोर स्पष्ट सांगितले. मद्रासच्या दारांतून सुरू झालेली झोळी त्यांनी तिथेही खाली ठेवली नव्हती. नोव्हेंबरच्या २ तारखेला अळसिंगाला पत्र लिहिताना मात्र, माझ्या क्षणभराच्या कमकुवतपणाने तुम्हाला त्रास झाला, त्या वेळी हात अगदी रिकामा होता, अशी दिलगिरी त्यांनी व्यक्त केली. जगभर नाव झाल्यावर, वर्गणी जमवणाऱ्या एका शाळामास्तराची.

त्यानंतर पैसे मिळवायला त्यांनी एका व्याख्यान-कंपनीशी करार केला. त्यात त्यांची भरपूर फसवणूक झाली. डेट्रॉइटच्या एका व्याख्यानाला सुमारे २,५०० डॉलर जमले, त्यातले त्यांच्या हाती आले २००. नुकसान सोसून ते त्यातून मोकळे झाले. आणि मग १८९५ च्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये ३३ व्या रस्त्यावर साध्या खोल्या घेऊन त्यांनी वर्ग सुरू केले, तेही विनामूल्य. खुर्च्या अपुऱ्या, लोक जमिनीवर, जिन्यावर बसत. खोल्यांच्या भाड्यासाठी ऐच्छिक देणग्या, आणि त्या कमी पडल्या तर भारताविषयीच्या जाहीर व्याख्यानांचे उत्पन्न ते त्यात घालत. धर्म शिकवण्याची फी घ्यायची नाही, हे ठरून गेले होते. पैसे मिळवायला गेलेला माणूस ज्या एका गोष्टीचे पैसे सहज मिळाले असते, तिचेच घेईना. त्या वर्षी उन्हाळ्यात थाउजंड आयलंड पार्कला मोजक्या विद्यार्थ्यांना सात आठवडे शिकवले तेही याच रीतीने. गुडविन नावाचा इंग्रज लघुलेखक पगारावर ठेवला गेला होता. थोड्याच दिवसांत त्याने पगार घेणे सोडले आणि तो शिष्य झाला. त्याने टिपून ठेवले म्हणून आज आपल्याला भाषांतर करायला ते शब्द उपलब्ध आहेत. आम्हा अनुवादकांवर या माणसाचे केवढे ऋण आहे, ते कधीतरी स्वतंत्रपणे लिहायला हवे.

१५ जानेवारी १८९७ ला ते कोलंबोला परतले. रामनदचे राजे भास्कर सेतुपती यांनी स्वतः त्यांची गाडी ओढली. १ मे रोजी रामकृष्ण मिशनची स्थापना झाली, आणि त्याच वर्षी दुष्काळ-निवारणाचे काम सुरू झाले. आता पैसे त्यांच्या नावावर येऊ लागले होते. ऑक्टोबरमध्ये राखाल महाराजांना, म्हणजे स्वामी ब्रह्मानंदांना, लिहिलेल्या पत्रात हिशेबाविषयी त्यांनी जे बजावले आहे, ते आमच्या लेखापरीक्षणाच्या पुस्तकात पहिल्या पानावर छापायला हरकत नाही. हिशेब अत्यंत चोख असला पाहिजे. एका कामासाठी जमलेला पैसा दुसऱ्या कामाला लावायचा नाही, मग पुढच्या क्षणी उपाशी मरायची वेळ आली तरी चालेल. मद्रासच्या कारकुनांचे पैसे ज्याने खर्च केले होते आणि त्यांतल्या प्रत्येक पौंडाचा जाब ज्याने दिला होता, त्याचे हे सांगणे होते.

आणि अळसिंगा? तो शाळामास्तरच राहिला. १८९५ मध्ये स्वामीजींच्या प्रेरणेने त्याने ‘ब्रह्मवादिन’ हे इंग्रजी नियतकालिक काढले आणि ते चालवण्यासाठी पुन्हा वर्गणीदार शोधत फिरला. जून १८९९ मध्ये स्वामीजी दुसऱ्यांदा पश्चिमेकडे निघाले, तेव्हा त्यांची बोट मद्रासच्या बंदरात थांबली. कोलकात्यात प्लेग होता, म्हणून तिथून आलेल्या भारतीय उतारूंना किनाऱ्यावर उतरायला बंदी होती. मद्रासकर होड्यांत बसून बोटीभोवती जमले, खालूनच नमस्कार करून परतले. नियतकालिकाबद्दल स्वामीजींशी सविस्तर बोलायचे होते, आणि होडीतून ओरडून ते होणार नव्हते. तेव्हा अळसिंगाने त्याच बोटीचे कोलंबोपर्यंतचे तिकीट काढले आणि कपाळावर गंध लावलेला, अनवाणी असा तो सामानाची गाठोडी घेऊन वर चढला.